भाताचा भाव आणि गरिबी: व्हिएतनामकडे बघताना

मित्रहो,

१९८०च्या दशकात हानोईतल्या रेशन दुकानांसमोर पहाटे अंधारात रांगा लागत आणि त्या रांगांत माणसांच्या मध्येमध्ये विटा ठेवलेल्या दिसत. विटेवर नाव लिहिलेलं असे. ज्याला कामावर हजर व्हायचं आहे, जिच्या घरी तान्हं मूल आहे, ती माणसं वीट ठेवून निघून जात. मागचा माणूस आपण पुढे सरकला की ती वीटही पुढे सरकवी. सरकारी नोकराच्या कार्डावर महिन्याला तेरा किलो धान्य लिहिलेलं असे. त्यात तांदूळ किती आणि भरड धान्य किती, हे गोदामात काय आलंय त्यावर ठरे. कार्ड हरवलं तर घरावर आभाळच कोसळे. चेहरा पार उतरलेला माणूस दिसला की ‘तांदळाचं कार्ड हरवलंय जणू’ असं तिकडे अजूनही म्हणतात.

हा देश मुळात भाताचा. उत्तरेला लाल नदीचं खोरं, दक्षिणेला मेकाँगचा त्रिभुज प्रदेश, दोन्हीकडे गाळाची जमीन आणि मुबलक पाणी. युद्ध १९७५ साली संपलं. तरीही १९८८च्या सुरुवातीला उत्तरेकडच्या प्रांतांत लाखो लोकांच्या पोटात पुरेसं अन्न नव्हतं. आणि याच देशाने पुढच्या वर्षी, १९८९ साली, सुमारे १४ लाख टन तांदूळ निर्यात केला. मधल्या काळात जमीन वाढली नव्हती, नवी धरणं बांधून झाली नव्हती. हवामानाने साथ दिली असेल, पण हवामान एवढा पालट करत नाही. पालट झाला तो नियमांत. आज मला त्या नियमांबद्दल बोलायचं आहे.

आर्थिक सुधारणा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर १९९१ येतं. डॉ. मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प, लायसन्स-परमिटचा शेवट, आयातशुल्कात कपात, रुपयाचं अवमूल्यन. आपल्या सुधारणा कारखान्यापासून आणि बंदरापासून सुरू झाल्या, शेतीपर्यंत त्या अर्धवट पोचल्या. व्हिएतनामच्या सुधारणा बांधावर सुरू झाल्या. माझं म्हणणं एवढंच आहे: अगदी तळातला माणूस वर येतो तो त्याच्या हातात आधीपासून जे आहे, म्हणजे त्याचे कष्ट आणि त्याचं पीक, त्याला दाम मिळू लागतो तेव्हा. बाकीच्या सुधारणा चांगल्या असतात, गरजेच्याही असतात, पण त्या त्याच्यापर्यंत फार उशिरा पोचतात.

उत्तर व्हिएतनामच्या सहकारी शेतीत सकाळ कशी उजाडायची ते बघा. घंटा वाजे. लोक जमत. गटप्रमुख कामं वाटून देई: इतक्यांनी लावणी, इतक्यांनी शेणखत, इतक्यांनी बंधाऱ्यावर. दिवसअखेरीस त्याच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे गुण मांडले जात. हंगाम संपला की सरकारला द्यायचं धान्य, बियाणं, संस्थेचा खर्च, पदाधिकाऱ्यांचे गुण हे सगळं वजा होऊन जे उरे ते गुणांच्या हिशोबाने घरोघर जाई. लावणी नीट केली काय आणि रोपं कशीबशी खोचली काय, दिवसाचे गुण तेवढेच. ओंबीत दाणा भरला नाही तर तो तोटा कोणाच्याच एकट्याच्या घरात जात नसे. त्याच गावात प्रत्येक कुटुंबाला भाजीपाला, डुकरं, कोंबड्यांसाठी एक लहानसा तुकडा खासगी म्हणून मिळे, संस्थेच्या जमिनीच्या सुमारे पाच टक्के. त्या तुकड्यावर माणसं पहाटे आणि संध्याकाळी राबत, आणि घरच्या मिळकतीचा मोठा वाटा त्यातून येई. माणसं तीच, माती तीच. आळशीपणाचं कारण पुढे करणाऱ्या पुढाऱ्यांना हा पाच टक्क्यांचा तुकडा रोज समोर दिसत होता.

तो नीट पाहिला एका जिल्हा पातळीवरून वर आलेल्या कार्यकर्त्याने. किम न्गोक त्याचं नाव, विन्ह फुक प्रांतातला सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचा सचिव. १९६६ साली, युद्ध ऐन भरात असताना, त्याने प्रांतातल्या संस्थांना कुटुंबांशी करार करू दिले: हा तुकडा तुम्ही कसा, ठरलेलं धान्य संस्थेला द्या, वरचं तुमचं. उत्पादन वाढलं. आणि १९६८ साली हा प्रयोग बंद पाडण्यात आला. पक्षातले ज्येष्ठ विचारवंत त्रुओंग चिन्ह यांनी त्यावर कडक टीका केली, किम न्गोक यांना स्वतःच्या चुका लेखी कबूल कराव्या लागल्या. १९७९ साली ते वारले. आपलं म्हणणं खरं ठरलेलं त्यांना बघायला मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण दोनच वर्षांत, जानेवारी १९८१मध्ये, पक्षानेच जवळपास तेच मान्य केलं. १०० क्रमांकाच्या त्या आदेशाने लावणी, निगराणी आणि कापणी कुटुंबाकडे दिली; नांगरट, पाणी, बियाणं संस्थेकडे ठेवलं. ठरलेल्या कोट्यावरचं धान्य कुटुंबाचं. पहिली काही वर्षं पीक वाढलं. मग संस्थांनी कोटा वाढवत नेला. पिकाचा पाचवा हिस्सा जेमतेम हाती उरायला लागला तेव्हा शेतकऱ्यांनी जमिनी परत करायला सुरुवात केली. अर्धवट सुधारणेचं असंच होतं. शेतकऱ्याने जास्त पिकवलं की वरचा माणूस ते आपल्याकडे ओढून घेतो, आणि पुढच्या हंगामाला शेतकरी हात आखडता घेतो.

दक्षिणेत गोष्ट वेगळ्या वाटेने चालली होती. हो ची मिन्ह शहराला तांदूळ कमी पडत होता आणि शेजारच्या मेकाँग खोऱ्यात तो पडून होता, कारण सरकारी खरेदीदर बाजारभावाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा होता. त्या दराने कोण विकेल? शहराचे पक्षप्रमुख वो वान किएत यांनी अन्नपुरवठा विभागातल्या बाईंना, न्गुयेन थी थी यांना, बाजारभावाने तांदूळ विकत आणायला सांगितलं. लोक त्यांना बा थी म्हणत. हे उघड कायदाभंगाचं काम होतं. त्यांनी विचारलं, मला अटक झाली तर? त्यावर किएत म्हणाले, तुम्ही तुरुंगात गेलात तर जेवणाचा डबा मी घेऊन येईन. ही गोष्ट व्हिएतनाममध्ये अनेकांनी सांगितलेली आहे. किएत पुढे देशाचे पंतप्रधान झाले.

१९८५च्या सप्टेंबरमध्ये सरकारने किमती, पगार आणि चलन एका दमात बदलायचा प्रयत्न केला. दहा जुन्या डाँगचा एक नवा डाँग केला आणि नोटा छापणं मात्र चालूच ठेवलं. १९८६ साली महागाईचा दर ७०० टक्क्यांच्या वर गेला. त्या जुलैमध्ये सरचिटणीस ले झुआन वारले आणि त्यांच्या जागी आले त्रुओंग चिन्ह, वय ७९. किम न्गोक यांना गप्प बसवणारे तेच. पण मधल्या वर्षांत हा म्हातारा माणूस कारखान्यांत आणि गावांत फिरला होता, तरुण अर्थतज्ज्ञांना जवळ बसवून ऐकत होता. डिसेंबर १९८६च्या सहाव्या अधिवेशनासाठी तयार झालेला अहवाल त्यांनी नव्याने लिहून घेतला आणि आपल्याच पक्षाच्या चुका त्यात स्पष्ट मांडल्या. त्यानंतर ते पदावरून बाजूला झाले. या अधिवेशनापासून ज्या धोरणाला दोई मोई, म्हणजे नूतनीकरण, म्हणतात ते सुरू झालं. माझ्या मते सुधारणांच्या इतिहासात अशी माणसं अर्थशास्त्रज्ञांपेक्षा महत्त्वाची असतात. आयुष्यभर जे मानलं ते चूक होतं असं सत्तेच्या खुर्चीवरून म्हणणारा माणूस फार विरळा.

शेतीचा खरा निकाल लागला एप्रिल १९८८मध्ये, पक्षाच्या ठराव क्रमांक १० मध्ये. कुटुंब हेच शेतीचं मूळ एकक मानलं गेलं. जमीन दहा-पंधरा वर्षांसाठी कुटुंबाकडे गेली, कोटा काही वर्षांसाठी पक्का झाला, करारातल्या पिकाचा सुमारे ४० टक्के वाटा कुटुंबाचा असेल अशी हमी आली. बैल आणि अवजारं विकत घेता येऊ लागली. १९८९च्या सुरुवातीला बहुतेक सरकारी किमतीही उठवल्या: रेशनकार्डं संपली, डाँगचा दर बाजाराजवळ आणला, बँकेच्या तीन महिन्यांच्या ठेवीवर महिन्याला बारा टक्के व्याज दिलं, म्हणजे महागाईपेक्षा जास्त. लोकांनी गादीखालचे पैसे आणि सोनं बाहेर काढलं. वर्षभरात महागाई ३५ टक्क्यांच्या आसपास उतरली. दुकानांत माल दिसू लागला, आणि रांगा एका हंगामात संपल्या.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण सुधारणा म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने लादलेलं औषध असा आपल्याकडे समज आहे. व्हिएतनामने हे सगळं नाणेनिधीच्या कर्जाशिवाय केलं. थकबाकी आणि अमेरिकेचा विरोध यांमुळे १९९३पर्यंत तिथून पैसा येणं शक्यच नव्हतं. १९९१ साली सोव्हिएत मदतही आटली. त्याच काळात सैन्यातून मोकळे केलेले लाखो सैनिक आणि सरकारी कारखान्यांतून कमी केलेले लाखो कामगार घरी आले. त्यांना सामावून घेतलं कुणी? भाताच्या शेतांनी, टपऱ्यांनी, सायकल दुरुस्तीच्या दुकानांनी आणि घरगुती धंद्यांनी. समुद्रातल्या खनिज तेलाच्या निर्यातीचाही आधार होता, तो नाकारून चालणार नाही.

मग १९९३चा जमीन कायदा. जमीन संपूर्ण जनतेची, हे तत्त्व कायम राहिलं. पण कुटुंबाला हंगामी पिकांच्या जमिनीवर २० वर्षांचा वापरहक्क मिळाला आणि त्यासोबत पाच गोष्टी करायची मोकळीक: हस्तांतर, अदलाबदल, भाडेपट्टा, वारसा, तारण. त्याचं लाल रंगाचं प्रमाणपत्र असे, सातबाऱ्याच्या जवळ जाणारं. २०००पर्यंत अशी सुमारे एक कोटी दहा लाख प्रमाणपत्रं वाटली गेली. वाटप करताना उत्तरेतल्या गावांनी बारीक न्याय केला. चांगल्या जमिनीतला एक तुकडा, मध्यमातला एक, पाणथळातला एक, असं प्रत्येक घराला सगळ्या प्रतीचं मिळावं म्हणून शेतं चिरत नेली. एकेका घराची जमीन सात-आठ ठिकाणी विखुरली. कृषी अधिकारी याला नावं ठेवतात, यंत्र चालत नाही म्हणतात, ते बरोबरच आहे. पण ज्या वर्षी भाव वाढला त्या वर्षी गावातली फारशी घरं त्या भावाच्या बाहेर राहिली नाहीत, त्यात या चिरफाळ्यांचाही हात होता. पहिली काही वर्षं कागदावर बहुधा नवऱ्याचंच नाव असे. २००३च्या कायद्याने दोघांची नावं सक्तीची केली. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगाव हेच मागितलं होतं, बाईच्या नावावर जमीन.

परिणाम मोजलेला आहे आणि चांगला मोजलेला आहे. १९९२-९३मध्ये घरोघर जाऊन पाहणी झाली. पाच वर्षांनी त्यातल्या सुमारे ४,३०० घरांत पुन्हा पाहणी झाली, जवळपास तेच प्रश्न घेऊन. गरिबीचं प्रमाण ५८ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आलं होतं. जागतिक बँकेची २०२५पर्यंत वापरात असलेली दिवसाला २.१५ डॉलरची अत्यंत खालची रेषा धरली तर अलीकडच्या वर्षांत व्हिएतनाममध्ये तिच्याखाली एक टक्क्याच्या आसपास माणसं उरली होती.

त्या दोन पाहण्यांमधून निघालेलं एक संशोधन मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. १९९०च्या दशकात सरकारने तांदळाच्या निर्यातीवरचे कोटे आणि देशातल्या देशात, दक्षिणेतून उत्तरेला तांदूळ नेण्यावरचे निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल केले. १९९७ला ते मोठ्या प्रमाणात उठले. तांदळाचा भाव चढला. भीती अशी होती की भाव चढला की शेतीत काम वाढेल आणि घरातली पोरं शाळा सोडून शेतावर जातील. एरिक एडमंड्स आणि निना पावचनिक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी घरोघरचे आकडे तपासले तर उलटच दिसलं. जिथे भाव जास्त चढला तिथे मुलांचं काम जास्त कमी झालं. त्या काळात ग्रामीण भागात बालमजुरी जेवढी घटली त्यातला जवळजवळ अर्धा भाग भाताच्या वाढलेल्या भावाशी जोडता आला. बापाच्या हातात दोन पैसे आले की तो मुलीला आधी शेतातून काढतो. गरीब माणसाला मुलांच्या शिक्षणाचं महत्त्व पटवून द्यावं लागतं असं समजणाऱ्यांनी हे वाचावं. अर्थात, तांदूळ विकत घेऊन खाणाऱ्या शहरातल्या घरांना हा लाभ झाला नाही, हेही त्याच आकड्यांत आहे.

इथे नाशिक जिल्ह्यातले, चाकणकडचे कुणी बसले असतील तर त्यांना मी कशाकडे येतोय ते कळलं असेल. १९८० साली चाकणच्या रस्त्यावर कांद्याच्या भावासाठी शेतकरी बसले, शरद जोशी त्यांच्या पुढे होते. शेतमालाला दाम मिळाला की खेड्यातली गरिबी हटते, हे त्यांचं म्हणणं. डिसेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४पर्यंत बंद राहिली. शहरातल्या ग्राहकाला कांदा परवडावा हा हेतू असतो, आणि ग्राहकही गरीब असतो, मला ते मान्य आहे. पण प्रत्येक वेळी त्या परवडण्याची किंमत लासलगावच्या बाजारसमितीत ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडूनच का वसूल करायची? ग्राहकाला द्यायचं तर सरकारने आपल्या तिजोरीतून द्यावं. व्हिएतनामनेही २००८च्या जागतिक भाववाढीत काही महिने नवे निर्यात करार थांबवले होते. मोह कुणालाच सुटत नाही. फरक हा की त्यांनी ते आपल्याइतकं नेहमीचं हत्यार केलं नाही.

मात्र व्हिएतनामची जशीच्या तशी नक्कल आपल्याला करता येणार नाही, आणि याचं कारण जमीन आहे. तिथे सुधारणा सुरू झाल्या तेव्हा उत्तरेत तरी जमीन जवळपास समान वाटलेली होती. त्यामागचा इतिहास रक्ताचा आहे. १९५०च्या दशकातल्या जमीन सुधारणेत हजारो माणसं मारली गेली, त्यात निरपराधही होते, आणि पक्षाला ते जाहीर मान्य करावं लागलं. त्या मार्गाचं समर्थन मी करणार नाही. दुसरी गोष्ट शिक्षण. १९८९च्या जनगणनेत तिथले सुमारे ८८ टक्के प्रौढ साक्षर होते. आपल्याकडे १९९१ला साक्षरता होती ५२ टक्के. भाव, करार, कर्जाचा कागद वाचता येणारा शेतकरी बाजारात उतरला आणि न वाचता येणारा उतरला, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आपल्याकडे कूळकायदा आला, १९६१चा कमाल जमीनधारणा कायदा आला, तरी शेतमजूर मोठ्या संख्येने भूमिहीनच राहिला. कांद्याचा भाव वाढल्याने त्याची मजुरी आपोआप वाढत नाही. म्हणून १९७२च्या दुष्काळातून आपल्याकडे जी रोजगार हमी उभी राहिली, वि. स. पागे यांनी जिचा आग्रह धरला आणि १९७७ला जिचा कायदा झाला, ती मला भावाच्या मागणीची जोडीदार वाटते. भाव शेतकऱ्यासाठी, हमी मजुरासाठी. शेतकरी चळवळ आणि मजूर चळवळ एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्या, यात दोघींचं नुकसान झालं.

नंतरचा भाग तुम्हाला माहीत असतो, म्हणून भरभर सांगतो. १९९४ला अमेरिकेने निर्बंध उठवले, डिसेंबर २००१ला दोन देशांचा व्यापार करार लागू झाला आणि व्हिएतनामी मालावरचं अमेरिकी आयातशुल्क सरासरी ४० टक्क्यांच्या घरातून तीन-चार टक्क्यांवर आलं. कपडे, चपला, पुढे मोबाइल. ज्या प्रांतांतल्या मालाला शुल्ककपातीचा फायदा जास्त, तिथली गरिबी जास्त वेगाने कमी झाली. २००७ला जागतिक व्यापार संघटनेचं सदस्यत्व. या कारखान्यांत कामाला गेलेल्या मुली कोण होत्या? त्यातल्या बऱ्याच जणी १९९०च्या दशकात भाताच्या पैशावर शाळेत गेलेल्या असणार.

आता राहिलेल्यांबद्दल. ही बाजू सुधारणांचं कौतुक करणारे सहसा घाईने उरकतात. व्हिएतनाममध्ये पन्नासहून जास्त अल्पसंख्य जमाती आहेत, लोकसंख्येच्या सुमारे १५ टक्के, बहुतेक डोंगरात. १९९३ला बहुसंख्य किन्ह लोकांत गरीब ५४ टक्के आणि या जमातींत ८६. २००८ला किन्ह लोकांत दहा टक्क्यांच्या आत, जमातींत ५०. मध्य पठारावर कॉफी आली, देश ब्राझीलखालोखाल कॉफी निर्यात करू लागला, पण लागवडीला खालून किन्ह कुटुंबं वर आली. एडे आणि जराई लोकांची फिरती शेतं आणि जंगल त्यात गेलं. त्यांच्याकडे लाल कागद नव्हता, कारण त्यांची जमीन सगळ्या गावाची होती आणि कायद्याला कुटुंबच दिसत होतं. २००१ला जगभर कॉफीचा भाव कोसळला, त्याच वर्षी पठारावर मोठी निदर्शनं झाली, ती दडपण्यात आली. १९९८पासून १३५ क्रमांकाच्या कार्यक्रमातून सरकारने डोंगरी गावांना रस्ते, शाळा, वीज दिली. शाळेत शिकवायची भाषा मात्र व्हिएतनामीच राहिली.

या माणसांकडे विकायला भात नाही. त्यांच्याकडे जंगल आहे. गडचिरोलीतल्या मेंढा गावाने हे आपल्याकडे दाखवून दिलं. वनहक्क कायदा २००६चा. मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला २००९ला. हक्क मिळाला तरी बांबू तोडून बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात होता, म्हणजे जंगल गावाचं आणि बाजार खात्याचा. २०११ला त्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, आणि मग गावाने आपला बांबू आपल्या भावाने विकला. आज गडचिरोलीत आणि नंदुरबारात सामूहिक हक्काचे कागद कितीतरी गावांना मिळालेले आहेत. त्यांतल्या किती ग्रामसभा आपला बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः लिलावाला लावतात, आणि ज्या लावत नाहीत त्यांना नेमकं कोण अडवतं, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो. सभागृहात त्या भागात काम करणारी मंडळी आहेत. माझ्याऐवजी त्यांनी आता बोलावं असं मला वाटतं.